लशीवाली बाई आणि आमचा चहा

आमच्या पाली गावात एका नव्या लशीच्या चाचणीसाठी माणसं शोधत एक बाई येते. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावते आणि दारातच उभी राहते. कितीही आग्रह करा, चहाला हात लावत नाही; “तुमचं ठरेपर्यंत नको, उगाच भीड पडते,” म्हणते. कागद मात्र सावकाश वाचून दाखवते: लस अजून तपासणीत आहे, ताप येऊ शकतो, कधीही नाही म्हणता येतं. मग विचारते, “आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?” मास्तरीणच!

माझ्या सासूबाईंनी अर्ध्यातच पेन मागून सही ठोकली.

“काय कळलं, मावशी?”

“पोरी, एवढ्या उन्हातून आलीस. तुला न्हाय कसं म्हणू?”

बाईने शांतपणे त्या सहीवर आडवी रेघ मारली. मला तर रागच आला.

पुढच्या आठवड्यात ती परत आली, तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी सासूबाईंनी सुया किती, रक्त किती वेळा काढणार, सगळं खोदून विचारलं आणि मान हलवली. “न्हाय गो, मला न्हाय जमायचं.”

मी ओशाळले. बाई मात्र खुदकन हसली, चपला काढून आत आली आणि ऐसपैस बसली.

“आता टाका चहा,” म्हणाली.