शेवगा मावळतीला

पुण्याची ट्रॅव्हल्स अकोल्याहून संध्याकाळी होती, पण बाबांनी मला सकाळीच मळ्यात नेलं. बार्शीटाकळीजवळचा आमचा भाजीचा मळा. फाटकाशी उगवतीकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाले, "डोये मीट. अन् सांग, समोर काय काय येते ते."

मी सांगत गेले. झेंडू, वांग्याचे वाफे, पाट, पाटापलीकडे विहीर, विहिरीच्या उगवतीला शेवगा.

"चुकली. मावळतीले हाये. पुन्हा पयल्यापासून."

नोकरीला निघालेल्या पोरीची ही कसली परीक्षा, म्हणून मला राग आला होता. चौथ्यांदा सगळं बरोबर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "जाय आता. कुठीबी हरपत नाईस."

पुण्यात मी रोज हरवले. "दुकानाच्या उगवतीकडच्या गल्लीत ये," असं एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर ती हसत सुटली. "अगं बाई, डावीकडे की उजवीकडे ते सांग." मग डावं-उजवं शिकले. मोबाइलमधली बाई वळ म्हणाली की वळायला लागले. इतकी वर्षं राहूनही ज्या रस्त्याने ऑफिसला जाते, तो मला डोळे मिटून दिसत नाही. मळा मात्र दिसायचा, आणि नेहमी फाटकापासूनच. उलट्या बाजूने शिरायला गेलं की सगळं विस्कटायचं. वांग्याची झाडंसुद्धा माझ्या खांद्याला लागायची. म्हणजे डोक्यातल्या त्या मळ्यात मी अजून सात-आठ वर्षांचीच होते.

काचबिंदूने बाबांची नजर गेली तेव्हा गजूदादाने, माझ्या मोठ्या भावाने, त्यांना अकोल्याला जठारपेठेत आपल्या फ्लॅटवर आणलं. मळा बटाईने कसायला दिलाय म्हणाला. तेव्हापासून रविवारी सकाळी बाबांचा फोन यायचा. "चाल, मले फिरवून आन." मी इकडे गॅलरीत बसून त्यांना फाटकातून आत न्यायचे. एक वाफा चुकला तरी ते थांबवायचे. "काहून उड्या मारून राहिली? मधात मिरची हाये." मी चिडायचे, ते हसायचे. आठवडाभर मी त्या अर्ध्या तासाची वाट बघायचे, हे आज सांगताना लाज वाटते.

मग कधीतरी चुका काढणं बंद झालं. मला वाटलं, मला मळा पाठ झाला. एकदा बोलता बोलता शेवगा उगवतीला गेला. माझ्या लगेच लक्षात आलं, आता ओरडा बसणार म्हणून थांबले. बाबा म्हणाले, "हो, बरोबर हाये." वय झालं, विसरले असतील, असं मी समजले. कसली मूर्ख मी.

या दिवाळीला गेले तेव्हा मनात आलं, मळ्यातला झेंडू आणून बाबांच्या हातात द्यावा. गजूदादाची स्कूटर मागितली. "ऊन लय हाये, कशाले जातं," म्हणाला. मी किल्ली घेतली. फाट्यावरचं वळण आपोआप घेतलं गेलं, आणि पुढे फाटकच नव्हतं. पांढरे दगड, त्यांच्यावर लाल आकडे, मधून सिमेंटचा रस्ता. विहीर कुठेच नव्हती. डोळे मिटले की सगळा मळा जसाच्या तसा, उघडले की विहीर कुठल्या प्लॉटात गेली तेही सांगता येईना.

घरी आल्यावर विचारलं. गजूदादा मोबाइलमध्ये बघत राहिला. बाबा म्हणाले, "मळा इकून दोन वर्सं झाले. तू इतकी खुशीत सांगे. तुहं मन कसं मोडू?"

"मग चुका का नाही काढल्या?"

"जे नाईच, त्यातली चूक काय काढू, माय?"

मळा बाबांच्या नावावर होता. त्यांना दिसत नाही, दादाला शेती होत नाही. मला सांगून विकला असता तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. पण दोन वर्षं दर रविवारी मी त्यांचा हात धरून प्लॉटांमधून फिरले आणि ते हूं हूं करत राहिले. आंधळे ते होते, ठेच मला लागली. फराळाला हात न लावता मी दुसऱ्या दिवशी निघाले.

तीन रविवार फोन उचलला नाही. चौथ्या रविवारी मीच लावला. तिकडून नुसतं "हं" आलं. मळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मग मीच फाटकापासून सुरुवात केली. झेंडू, वांगी, मिरची, पाट, विहीर. आणि मी मुद्दाम म्हणाले, "विहिरीच्या उगवतीला शेवगा."

तिकडे चालू असलेला टीव्ही त्यांनी बंद करायला लावला.

"चुकली," बाबा म्हणाले. "मावळतीले. आता तोडला त्यायनं, पन होता तो मावळतीलेच. पुन्हा पयल्यापासून."

गाव सोडलेल्यांनो आणि गावात राहिलेल्यांनो, माझा राग गेलेला नाही, लवकर जाईल असंही वाटत नाही. पण माझी चूक काढणारं माणूस तिकडे आहे तोवर मला घर आहे, एवढं त्या सकाळी कळलं. मी डोळे मिटले आणि फाटक उघडलं.