वाचल्याच्या निळ्या खुणा

बाबा सरकारी ऑफिसात जायचे तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालत. तालुक्याची बस धरायची, बाकावर दोन तास बसायचं, साहेब वैतागून काहीतरी बोलणार आणि बाबा घरी येऊन ते शब्दाशब्दानं सांगणार. काम बहुधा व्हायचं नाही, पण नाही म्हणणारा माणूस समोर असायचा. मग गावाचा आणि कृषी खात्याच्या साहेबांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि सुटलो एकदाचे, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी नांदुऱ्याला शाळेत शिकवते. बाबांना मोबाईलवरचं वाचता येत नाही, म्हणून रविवारी घरी आले की त्यांचा मोबाईल माझ्याच हातात असायचा.

त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बीटी बियाण्याच्या कपाशीला अळी लागत नाही, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं. ही अळी बोंडाच्या आत बसून खाते. बाहेरून झाड हिरवंगार, छातीएवढं. बोंड फोडलं की आत सडका कापूस. कृषी सहायकांनी ग्रुपवर लिहिलं, शेताचा फोटो टाका, पंचनाम्याला येऊ, तोवर पीक उपटू नका.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेताच्या धुऱ्यावर हात जोडून उभे राहिले. बाबा आणि शेत दोन्ही मावावीत म्हणून मी अक्कल गहाण ठेवून मागे मागे सरकत गेले. फोटो भिंतीवर लावण्यासारखा आला. साहेबांचा अंगठा आला आणि खाली दोन शब्द: पीक छान.

मी धावत जाऊन बोंडं फोडली, त्यांचे फोटो टाकले. बाबांनी 'साहेबांचे सेवेशी'पासून अख्खा अर्ज सांगितला, तोही टाकला. गावातल्या कोणी शिव्याही टाकल्या. संध्याकाळी ग्रुपला कुलूप लागलं. आता लिहिणार ते फक्त साहेब.

आपला मेसेज कोणी वाचला ते मोबाईल दाखवतो. मी पाहिलं, साहेबांपुढे निळ्या खुणा होत्या. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "साहेबानं वाचलं काय?"

वाचून गप्प बसले, हे मला सांगवेना. मी म्हटलं, अजून नाही.

पुढं परीक्षा आल्या, तीन रविवार मी घरी गेलेच नाही. मधल्या काळात बाबा तालुक्याला जाऊन आले होते. तिथं सांगितलं, ग्रुपवर टाकलंय ना, मग येतील. बाकीच्यांनी साहेबांचा नाद सोडला, कपाशी उपटून हरभरा पेरला. चौथ्या रविवारी गेले तर चहूकडे हरभरा वर आलेला आणि मध्ये आमची कपाशी तशीच उभी. मी चिडून विचारलं, अजून कशाला ठेवली?

"त्यायनं अजून वाचलं कुठं? वाचलं असतं तं आले असते. मानूस वाईट नाई तो."

मग मला खरं सांगावंच लागलं.

"तुले कवा समजलं?"

"त्याच दिवशी."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच उपटायला लागले. पेरणीची वेळ निघून गेली होती. ते रान उन्हाळ्यापर्यंत पडीक राहिलं. साहेबांवर ते आजही चिडत नाहीत. ग्रुपवर काही आलं की मात्र मोबाईल घेऊन शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायला जातात, मी घरात बसलेली असले तरी.