रिकाम्या कुपीचे नाव
स्पिरिटची बाटली उघडली की त्या वासामागून आसगावच्या कापलेल्या धानाचा ओलसर गंध येतो. तिथल्या शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, ढेकूळ मी एकदा उलटले, तर खाली जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याची राखी मादी अंड्यांच्या शुभ्र पिशवीला बिलगून बसलेली. माझा चिमटा जवळ आला तरी ती हलली नाही. डबा घेऊन आलेली आई वाकली. “इले काहून मारून राहिली वो?” “माय, या वंशातल्या साऱ्या जाती सारख्याच दिसतात. स्पिरिटात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याबिगर नाव ठरत नाही.” आईने माझी कुपी हलकेच बाजूला सारली, ढेकूळ होते तसे ठेवले. “मंग नाव मी सांगतो.” ती कुपी आजही माझ्या संग्रहात रिकामी आहे, शास्त्रीय नावाच्या जागी मी आईचा शब्द लिहिला आहे: “बाळंतीण.”