दिलेला विस्तव

“हात दाखव रे ह्यांना,” साहेब म्हणला.

मी हललो न्हाई. तर त्यानंच माझं मनगट धरून वर केलं. समोर वर्गातली वीस-एक पोरंपोरी, नव्या कोऱ्या वह्या घेऊन. माझ्या हातावरचे भाजल्याचे डाग दाखवत तो म्हणला, “भिलाची अक्कल हातात असती, डोक्यात न्हाई. म्हणून ह्यायला शिकवायच्या भानगडीत आपण पडत न्हाई.”

पोरं हसली. कारखान्याच्या शेडच्या दाराशी माझी पोरगी उभी होती, दहावीची गुणपत्रिका छातीशी धरून. तिनं बराबर ऐकलं.

हा साहेब आमच्या केदारखेड्याकडचा. माझ्याच वयाचा. दुसरीतून मला काढलं आणि त्याच्या बापाच्या गुरांमागं लावलं. तो शाळेत, मी शाळेमागच्या बांधावर. खिडकीतून त्याची पाटी दिसायची. तो पाटीवर थुंकायचा, बाहीनं पुसायचा, पुन्हा लिहायचा. माझा जीव जळायचा. त्याच्या घरच्या दुधातुपाचं मला काही वाटलं न्हाई कधी. पाटीचं वाटलं.

पुढं जालन्याला लोखंडाचे कारखाने आले. मी भट्टीवर लागलो. काही वर्षांनी तो सुपरवायझर होऊन आला, खिशाला पेन लावून. त्याला भट्टीतलं काही कळत नव्हतं. लोखंडाची तापती कांडी भट्टीतून कधी बाहेर ओढायची, ते मी रंगावरून सांगायचो. माझा बाप डोंगरात कोळसा पाडायचा, आगीचे रंग मला त्यानं दाखवलेले. पळसाच्या फुलाचा रंग आला तर थांब. पिकल्या लिंबाचा आला की जल्दी ओढ.

एक दिवस साहेब वही घेऊन आला. “सांग बरं एकएक,” म्हणला. मी सगळं सांगितलं. आमच्या वस्तीत कुणाची चूल विझली तर शेजारी विस्तव मागायला येतो. त्याला न्हाई म्हणायचं नसतं. उद्या आपली विझली की तोच आणून देतो, न मागता. मला वाटलं, ह्यालाही ती रीत ठाव असंल. तिथंच चुकलो.

मंग कारखान्यानं वर्ग काढला. ह्या भागातल्या आदिवासी पोरापोरींना लोखंड तपासायचं काम शिकवायचं आणि तिथंच लावायचं, असं फाटकावर लिहिलेलं होतं. पोरीनंच मला वाचून दाखवलं. ती आश्रमशाळेत पहिली आल्ती. मी साहेबाकडं गेल्तो. तो म्हणला, जागा भरल्या, हिला कँटीनला लावू. जागा कुणी भरल्या? एक त्याच्या भाचीनं. बाकीच्या त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांनी. आमच्या वस्तीतलं एक पोर न्हाई त्यात. आणि साहेब त्यांच्या वहीत काय लिहवून घेत होता? पळस. लिंबू. माझ्या बापाचे रंग. मला असा हेवा वाटला की भट्टीसमोर उभा राहून अंगाला काटा आला.

त्या दिवशी पोरांसमोर माझं मनगट त्याच्याच हातात होतं. भट्टीचं दार उघडलं. मालक बघायला आल्ते. साहेब हळूच म्हणला, “कांडी झाली का रे?”

मी भट्टीकडंच बघत राह्यलो.

“अरे, झाली का?”

मी मनगट सोडवून घेतलं. म्हणलं, “वहीत बघा, साहेब.”

त्यानं वही उघडली. भट्टीकडं बघितलं, पुन्हा वहीत बघितलं. मंग ओरडला, “ओढा.” कांडी कच्ची होती. लोखंड लाटणाऱ्या रोलात जाऊन अडकली, मिल बंद पडली. कुणाला इजा झाली न्हाई. हसलंही कुणी न्हाई.

दुसऱ्या दिवशी मला फाटकातूनच माघारी धाडलं. पुढं बोलवणं दोनदा आलं, पगार वाढवतो म्हणून. मी पोरीच्या जागेचं विचारलं. ती द्यायला तयार न्हाईत. मंग मीही गेलो न्हाई.

पोरगी जालन्यात बारीकसारीक कामं करून शिकून राह्यली. तिनंच मला अक्षरं पुन्हा गिरवायला लावली, म्हणून हे माझ्या हातानं लिहितो. ती झरझर लिहिती तेव्हा मला तिचाही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

विस्तव मागणाऱ्याला न्हाई म्हणायचं न्हाई, हे बापानं शिकवलं. ज्यानं परत दिला न्हाई त्याला दुसऱ्यांदा द्यावा, असं बिलकुल शिकवलं न्हाई. आमचं पोर वर्गात पुढच्या बाकावर बसलेलं मला दिसू द्या, मंग रंग विचारा. तवर तुमची भट्टी तुम्ही बघा.