पत्रेबुवांची पेटी

पत्रेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या इमारतींत थंड हवा खेळवायला छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे जातात ना, ते घडवण्यात त्यांची वीस वर्षं गेली, त्यातली शेवटची चार परदेशात. तिथे त्याच घरात राहणाऱ्या बेकरीवाल्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. माणूस भलताच काटेकोर. जोड बसवला की त्यावरून ओलं बोट फिरवायचं, आणि बोटाला जराशी गार झुळूक लागली तरी सगळं उकलून पुन्हा ठोकायचं. "ह्याच्या कामातून मुंगी बाहेर पडणार नाही," असं फोरमन एकदा म्हणाला, तर हे वाक्य बुवांनी बायकोला फोनवर निदान पाच वेळा ऐकवलं.

मुलीला मात्र ते ऐकवता आलं नाही. मुलीला ऐकूच येत नाही, जन्मापासून. बुवा निघाले तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता सहा. शाळेत ती हातांनी बोलायला शिकली, तिच्याबरोबर आईही शिकली, आणि आता मायलेकी इतक्या भरभर बोलतात की शेजारपाजारचे बघत राहतात. मागे राहिला तो बाप. त्याच्या फोनवर नुसता आवाज येऊन काय उपयोग, चित्र हवं. आणि बुवांची खोली पडली तळघरात, तिथे मोबाइलची रेंज इतकी मरतुकडी की चित्र दोन मिनिटं चालायचं आणि थिजायचं. पोरीचे हात हवेत तसेच अडकलेले. चार वर्षं ही तऱ्हा.

"अहो, ती आता बसत नाही हो फोनसमोर," एका रविवारी बायको म्हणाली. "तिला वाटतं, ती बोलते आणि तुम्ही उत्तरच देत नाही. आज दोनदा ओढून आणली, दोनदा पळाली. अजून एक-दोन रविवार बघते. मग मी जबरदस्ती करणार नाही. लहान आहे, विसरून जाईल."

काय विसरून जाईल, ते तिने सांगितलं नाही आणि बुवांनीही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरात वायफाय घेण्याचा अर्ज भरला.

इतकी वर्षं का नाही घेतलं, असं तुम्ही विचाराल. अहो, माणूस आज जाऊ उद्या जाऊ करत चार वर्षं काढतो! जिथे राहायचंच नाही तिथे वायरी कशाला ओढायच्या, असं त्यांचं म्हणणं. खिडकीला पडदासुद्धा लावला नव्हता, जुनी चादर अडकवली होती.

गुरुवारी वायफाय कंपनीच्या लाइनवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, कमरेला हत्यारांचा पट्टा, स्वतःची शिडी स्वतःच्या खांद्यावर. घरमालकाने भोक पाडायला परवानगी दिली ती फक्त सामायिक स्वयंपाकघरात, तीही सिंकच्या वरच्या भिंतीत. खाली बरोबर बुवांची खोली, त्यामुळे बाई म्हणाल्या, काही अडचण नाही. त्यांनी राउटर भिंतीला लावला, दिवे लागले, बुवांच्या फोनवर चित्र झरझर हललं. सही घेऊन बाई गेल्या.

बुवा मात्र राउटरकडे बघत उभे राहिले. खाली सिंक, बाजूला शेगडी, वर घाम आलेला नळ. वाफ, तेल, पाण्याचे शिंतोडे. शिवाय घरातली सहा माणसं, त्यातलं कोण कधी कुठलं बटण दाबेल याचा काय नेम? ज्याच्यावर पोरगी अवलंबून, ती वस्तू अशी उघड्यावर टाकायची?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोरमनला विचारून उरलेला पत्रा घेतला आणि पेटी केली. काय पेटी होती! कडा दुमडून दुहेरी, कोपरे बंद, आतलं यंत्र तापू नये म्हणून तळाला नखाएवढ्या चिरा, झाकणाला कुलूप. संध्याकाळी राउटर तिच्या आत बसवला, ती भिंतीला लावली आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"बुवा, ह्यात काय राजाचा मुकुट ठेवलाय का?" बेकरीवाला म्हणाला.

"तू तुझे पाव बघ," बुवा म्हणाले, पण मनातून खूश झाले.

त्या आठवड्यात ते शिकतही होते. बायकोने वहीत हातांच्या खुणांची चित्रं काढून पानांचे फोटो पाठवले होते. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संडासाच्या रांगेत बुवा बोटं वळवत बसत. जेवलीस का. शाळा. माझी. ठोकून ठोकून जाड झालेली बोटं, त्यात डाव्या हाताची करंगळी कधीकाळी पत्र्याने कापलेली, ती वाकतच नाही. सोबतचे कामगार म्हणाले, ह्याला उन्हाळा बाधला.

रविवारी दुपारी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बुवा खाटेवर बसले. फोन लावला. पडद्यावर नुसती गोल चकती फिरत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेवटी मोबाइलच्या रेंजवर बायकोचा नुसता आवाज आला, तुटक तुटक. "नवा फ्रॉक घालून बसली होती हो. अर्धा तास बसली. आता गेली अंगणात."

बुवांचं डोकंच फिरलं. सोमवारी त्यांनी कंपनीला फोन करून असा काही दम भरला की बेकरीवाल्याने हातातली कणीक खाली ठेवली. चोर आहात तुम्ही, लेकराशी खेळता, वगैरे वगैरे.

बुधवारी त्याच बाई आल्या. पेटीपाशी थांबल्या. "हे कुणी बसवलं?"

"मी. घरीच केलंय," बुवा जरा ताठ होऊन म्हणाले.

बाईंनी जोडावरून बोट फिरवलं, अगदी बुवा फिरवतात तसंच. मग हात पुढे केला. बुवांनी गळ्यातली किल्ली दिली. बाईंनी झाकण उघडलं आणि स्वतःचा फोन बुवांसमोर धरला. रेषा भरल्या. झाकण लावलं. रेषा गेल्या. उघडलं, भरल्या. लावलं, गेल्या. असं चार वेळा केलं.

"काम फार चांगलं आहे हो," शेवटी त्या म्हणाल्या. "ह्या नखाएवढ्या चिरांनी काय होणार, एखादी मोठी फट राहिली असती तर थोडं तरी बाहेर आलं असतं. पत्र्यातून वायफाय जात नाही."

बुवा शरमेने लाल झाले. कंपनीला काय काय बोललो ते आठवलं, आणि त्याहून जास्त तो नवा फ्रॉक आठवला. चांगलं जपून ठेवायचं म्हणता म्हणता आपणच सगळं बंद करून बसलो, हे त्यांना लख्ख कळलं, आणि फक्त पेटीपुरतं नाही. त्यांनी पेटी उतरवली. बाईंनी राउटर नळापासून दूर, कपाटाच्या माथ्यावर हलवून दिला. पेटीत बेकरीवाल्याने कांदे भरले.

पुढचा रविवार. फोन लागला. चित्र आलं, आणि राहिलं. बायको एकटीच. "थांबा, आणते." ती उठून गेली. मोकळी खुर्ची, मागे दार. दाराच्या कडेने अर्धा चेहरा डोकावला.

बुवांनी हात वर केले. जेवलीस का. करंगळी ताठच. पोरगी बघत राहिली. दाराआडून बाहेर आली, खुर्चीवर चढली आणि खो खो हसायला लागली.

"बोबडे हात आहेत म्हणते तुमचे," बायको मागून म्हणाली, तिलाही हसू आवरेना.

पोरगी स्वतःची करंगळी वाकवून दाखवू लागली, अशी, अशी. बुवांनी आपली ताठ करंगळी कॅमेऱ्याजवळ नेऊन वण दाखवला. तिने वाकून तो नीट पाहिला. मग आईकडे वळून काहीतरी विचारलं आणि मधेच पंजा चेहऱ्यासमोर उभा धरून क्षणभर अगदी दगड झाली.

"हे काय?" बुवांनी विचारलं.

बायको उगाच पोरीची वेणी सारखी करू लागली. "अगं, सांग ना," बुवा म्हणाले.

"ते तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "शाळेत सगळ्यांना एकेक खूण असते. तुमची तिने ही ठेवलीय. पडद्यावर अडकलेला."

कधीपासून पोरगी आपल्याला या नावाने हाक मारतेय, आणि ते आपल्याला माहीतही नाही. त्यांनी खाटेखालून हातोडी काढली, धावत वर जाऊन कांदे ओट्यावर ओतले, पेटी खाली आणली आणि फोनसमोर धरून तिची कड ठोकून दाखवली. हे बघ. मी हे करतो. ठक, ठक. आवाज तिला कळणार नव्हताच, पण पत्रा चमकत वाकला तो तिला दिसला.

पोरीने डोळे मोठे केले. अजून, असा हात केला. बुवांनी अजून ठोकलं.

मग ती आईकडे वळली. पंजा चेहऱ्यासमोर उभा धरला, मान जोरात हलवून तो खाली घेतला. डावा तळहात पुढे केला, उजव्या हाताची मूठ वळली आणि तळहातावर हातोडीसारखी दोनदा आपटली. पुन्हा बुवांकडे बोट दाखवलं.

बायको सांगायला पुढे झाली.

"राहू दे," बुवा म्हणाले. "कळलं मला."