बिनदाराच्या घरातलं चावरं पिल्लू

"कुत्रं तरी भुंकतं ह्यांचं. पोरगी तर तेवढंबी बोलत न्हाई!"

पडद्यापलीकडून आत्याचा आवाज आला. आत्या आमच्या शेजारीच राहते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या बायकांना आमच्या घराची माहिती मोफत पुरवते. आमच्या घराला दार नाही. चौकट आहे, उंबरा आहे, फुलाफुलांचा पडदा आहे, दार नाही. शिंगणापुरात पूर्वीपासून घरं अशीच. बाहेरच्यांना वाटतं, यात चोरांचा धोका असेल. चोरांचं मला माहीत नाही, पण आपल्याबद्दल कोण काय बोलतं ते घरबसल्या ऐकावं लागतं, हा मोठा धोका आहे.

मी आत्याला उत्तर दिलं नाही. एक तर मला उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात. आणि दुसरं म्हणजे, त्या क्षणी माझ्या अंगठ्याला पिल्लू लटकलेलं होतं.

पिल्लाचं नाव टेम्पो. पप्पांचं चपलांचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत, मंदिराकडून पार्किंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. जागा अगदी मोक्याची. शनिवारी कितीतरी भाविक पायातल्या चपला मुद्दाम मंदिराजवळ सोडून जातात. चपलेबरोबर साडेसातीही सुटते, अशी श्रद्धा. साडेसाती सुटते की नाही ते शनिदेव जाणे, पण माणूस अनवाणी होतो हे नक्की! त्यात आमच्याकडचं ऊन. डांबरावर चार पावलं टाकली की माणसाला ग्रहताऱ्यांचा विसर पडतो आणि समोर आमचं दुकान दिसतं.

तर एकदा नगरहून मालाचा टेम्पो आला आणि रबरी स्लिपरांच्या खोक्यात हे पिल्लू झोपलेलं निघालं. ड्रायव्हर म्हणाला, "माझं नाही." पप्पा म्हणाले, "आमच्या ऑर्डरीत नव्हतं." अशा रीतीने ते आमचं झालं.

तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि दात सुईसारखे. आईच्या साडीचा काठ, पप्पांच्या चष्म्याची काडी, पलंगाचा पाय, माझा चार्जर, माझी बोटं... खाण्यापिण्याच्या बाबतीत त्याच्या काही आवडीनिवडी नव्हत्या.

मग घरात उपाय सुरू झाले. आईने झाडू उगारला. टेम्पोने झाडू खाल्ला. पप्पांनी त्याला समोर बसवून, गिऱ्हाईकाशी बोलतात त्या आवाजात समजावलं, "असं नसतं करायचं, दादा. दुसरं काही दाखवू का?" आत्याने पलंगाच्या पायाला मिरचीचा ठेचा फासला. "आता लाव म्हणावं तोंड!" टेम्पोने ठेचा चाटला. मग जाऊन पाणी प्यायला. मग परत येऊन चाटला. (शेवटी पिल्लू नगर जिल्ह्याचंच!)

त्या दिवशी पप्पांच्या ताटातली भाकरी त्याने पळवली आणि आईने निकाल दिला.

"येत्या शनिवारी माझा भाऊ येतोय पाथर्डीवरून. तवर हे सुधारलं तर सुधारलं. न्हाई तर देते त्याच्यासंगं धाडून. तिकडं रानात ढेकळं चावत बसू दे!"

घरात मी बोलावं अशी अपेक्षा न ठेवणारा टेम्पो एकटाच होता. बाकी सगळ्यांना माझ्याकडून काही ना काही ऐकायचं असायचं. पाहुण्यांना तर माझं इंग्लिश ऐकायचं असायचं. "सायली इंग्लिश मीडियमला हुती ना? बोल की गं काहीतरी!" टेम्पोला माझ्याकडून फक्त अंगठा हवा असायचा.

म्हणून मी मोबाईलवर अभ्यासाला बसले. तिथे सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. पिल्लाच्या हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चावतं. त्यात राग नसतो. आपली भावंडं कळवळली की जास्त चावलं, हे त्याला कळतं. म्हणून चावलं की जोरात ओरडा. मग अगदी स्तब्ध व्हा. तरीही चावलं तर खोलीबाहेर जा आणि दार लावून घ्या.

पहिली अडचण ओरडण्याची. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. शाळेत हजेरीलासुद्धा माझी "प्रेझेंट, मिस" पहिल्या बाकापर्यंत पोचायची नाही. टेम्पोने अंगठा पकडल्यावर मी म्हणाले, "आई गं." त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, ऐकू आलं नाही असं ठरवलं आणि पुन्हा चावला.

दुसरी अडचण दाराची. ते आणायचं कुठून? मी पडद्याआड जाऊन उभी राहिले. टेम्पोने पडदा खाल्ला.

आमच्याकडे रात्री चौकटीत एक फळी आडवी टाकतात, भटकं कुत्रं आत येऊ नये म्हणून. कुत्रं बाहेर जाऊ नये म्हणून काय टाकतात, हे मात्र गावात कोणालाच माहीत नव्हतं. तीच फळी टाकून पाहिली. टेम्पो तिच्याखालून गेला आणि पप्पा तिच्यावर अडखळून पडले.

पुढचा उपाय म्हणून मी जुन्या टॉवेलला गाठी मारल्या, तो भिजवला आणि फ्रिजमध्ये ठेवला. गार कापड चावलं की हिरड्यांना बरं वाटतं. हे मी आईला सांगणार होते. योग्य वेळ बघत होते. त्याआधी आईने दही काढायला फ्रिज उघडला.

"फ्रिजमधी पोतेरं कुणी ठिवलं?"

टॉवेल उकिरड्यावर गेला. माझं स्पष्टीकरण नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी तयार झालं.

तेवढ्यात पप्पांना सुचलं. दुकानात एकाच पायाच्या चपला उरतात. जोड हरवलेल्या, शिलाई चुकलेल्या. त्यातली एक त्यांनी टेम्पोपुढे टाकली. "ही तुझी! बाकीच्याला हात लावायचा नाही."

मोबाईलवर नेमकं हेच करू नका म्हणून लिहिलं होतं. पिल्लाला आपली चप्पल आणि परक्याची चप्पल यातला फरक कळत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण गिऱ्हाईक आलं. मग जेवणं झाली. मग पप्पांचा डोळा लागला. तोवर टेम्पो चप्पल घेऊन कोपऱ्यात मुकाट बसला होता आणि घरभर आनंदीआनंद होता. आत्या म्हणाली, "बघा! इंग्लिश वाचून काय हुतं?"

दोन-तीन दिवस घर शांत होतं. पलंगाचे पाय, साड्या, अंगठे, सगळं सुखरूप. आई तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग पिल्लू." आणि मग आत्या केर काढायला म्हणून वाकली आणि तिने पलंगाखाली पाहिलं.

"अगं बया बया बया!"

तिथे ढीग होता. कोल्हापुरी, सँडल, लेडीज हिल, लहान मुलाचा उजेड पाडणारा बूट. त्यातली एकही आमच्या दुकानातली नव्हती. टेम्पो मंदिराजवळून, लोकांनी सोडलेल्या चपला निवडून आणत होता!

"कुणाकुणाची साडेसाती आणून ठिवली गं ह्यानं घरात! आणि वर पलंग! त्यावर झोपताय तुमी!"

त्यानंतर घरात जे काही बिघडलं त्याला हक्काचा मालक मिळाला. दूध उतू गेलं. "ती कोल्हापुरी!" मिक्सर बंद पडला. "लेडीज हिल. बाईमाणसाची साडेसाती मिक्सरवरच येणार." आत्याचा रिचार्ज संपला, तोही लहान मुलाच्या बुटाच्या खात्यावर गेला.

पप्पांनी सांडशीने एकेक चप्पल उचलून गोणीत भरली आणि गुपचूप परत मंदिराजवळ नेऊन टाकली. मागोमाग टेम्पो गेला आणि एकेक करून परत घेऊन आला. पप्पा पुन्हा गेले. टेम्पो पुन्हा गेला. पप्पांना वाटत होतं आपण पीडा टाकतोय. टेम्पोला वाटत होतं आज मालक खेळायला निघालेत. संध्याकाळपर्यंत पप्पा दमले आणि ढिगात दोन चपला जास्तच झाल्या.

अशात शनिवार उजाडला.

रस्ता माणसांनी फुललेला. मामा पाथर्डीहून आलेला. दुकानातच चहा पीत बसलेला, मांडीवर रिकामी गोणी आणि सुतळी. आईने सकाळपासून टेम्पोकडे बघितलं नव्हतं. (पण त्याच्या वाटीत दूध जास्त होतं, हे मी पाहिलं.)

गॉगल लावलेला एक माणूस पोळलेली पावलं एकावर एक ठेवत दुकानात शिरला. "नऊ नंबर दाखवा, लवकर!" पप्पांनी खोकं उघडलं. त्याच वेळी टेम्पो पायरी चढून आला. त्याच्या तोंडात एक तपकिरी सँडल होती. त्याने ती गिऱ्हाईकाच्या पायाशी ठेवली आणि शेपूट हलवत उभा राहिला.

माणसाने गॉगल वर केला. "अहो, ही माझी! आत्ताच सोडून आलोय मी!"

"सारखी दिसत असंल, साहेब," पप्पा म्हणाले.

"सारखी? हे बक्कल मी स्वतः तारेनं बांधलंय!"

दुकानासमोर माणसं थबकली.

"म्हंजे सोडलेल्या चपला हितं येत्यात व्हय?"

"धुऊनपुसून परत विकत असतील."

"तरीच म्हणलं, एवढ्या स्वस्तात कसं परवडतं ह्यांना!"

पप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आयुष्यभर, पायाला घट्ट होणारी चप्पलसुद्धा "सैल होईल" म्हणून विकली नव्हती. "अहो, वडलांपासूनचं दुकान हाय..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि तेही माझ्याच आवाजात.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. तो माणूस "माझी साडेसाती परत आणली!" म्हणत सँडल उंच धरून नाचवू लागला. आत्या पडद्याआडून आली ती ओरडतच. टेम्पोला वाटलं, खेळ सुरू झाला. त्याने उडी मारून गिऱ्हाईकाची पॅन्ट धरली. मामा गोणी घेऊन धावला. टेम्पो पॅन्ट सोडून गोणीला लटकला. आई झाडू घेऊन आली. झाडू तर त्याच्या ओळखीचाच! जितका आरडाओरडा वाढत होता तितकं ते पिल्लू खूश होत होतं, आणि हे एवढ्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

"जरा... गप्प बसा ना," मी म्हणाले.

माझं मलाच ऐकू आलं नाही.

मामाने टेम्पोची मानगूट धरून त्याला गोणीत घातलं. गोणीतून एक बारीक कुईं ऐकू आली. मी सुतळी ओढायला हात पुढे केला, टेम्पोने आनंदाने तोच अंगठा पकडला, आणि इतके दिवस दुसऱ्या दिवसावर टाकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"आईऽऽऽ गंऽऽऽ! गप्प बसा सगळे!"

रस्ता गप्प झाला. पलीकडच्या रसवंतीचा चरक थांबला. आत्याचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही आलं नाही. (हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहत होते.) टेम्पोने अंगठा सोडला आणि चक्क खाली बसला. मोबाईलवर लिहिलेलं खरं निघालं!

पण एवढी माणसं गप्प केल्यावर पुढे त्यांचं काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"अहो, पण माझी साडेसाती..." गॉगलवाला पुटपुटला.

मी त्याच्या हातातली सँडल घेतली. टाचेचा अर्धा भाग नव्हताच. "परत कुठे आणलीय?" मी म्हणाले. "खाल्लीय त्याने. बघा ना, टाच कुठंय?"

मग मी आत गेले आणि पलंगाखालचा सगळा ढीग हाताने ओढून बाहेर आणला. आत्या मागे सरकली. एकाही चपलेला धड अंगठा नव्हता. "आम्हाला विकायच्या असत्या तर अशा चावून ठेवल्या असत्या का? यातली एक तरी घालून दाखवा!"

कोणीच पुढे आलं नाही. मग गर्दीतले एक फेटेवाले बाबा हसायला लागले. "व्हय की रं! दादा, तुमची पीडाच खाल्ली कुत्र्यानं. आता अजून काय पाहिजे?"

हशा झाला. गॉगलवाल्याने सँडलकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, नऊ नंबरचा जोड घेतला आणि जाताना टेम्पोला बिस्किटाचा पुडा देऊन गेला. मामाने गोणीची घडी घातली. आई त्याच्यावरच खेकसली, "कुठं न्यायचं न्हाई त्याला!" जणू मामानेच हट्ट धरला होता.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या शनिवारी एक कुटुंब दुकानात येऊन विचारू लागलं, "साडेसाती खाणारं पिल्लू ते हेच का?" त्यानंतर तर रांग लागली. लोक टेम्पोपुढे चपला काढून ठेवायचे, तो मन लावून चावायचा, आणि ते पप्पांकडून नवा जोड घ्यायचे. आत्या रांगेची व्यवस्था बघायची. "एका टायमाला एकच जोड! प्लास्टिकवाले मागं ऱ्हावा!" ज्या पिल्लाची चपला चावायची सवय मोडायला मी जिवाचं रान केलं, त्याला आता चपला चावल्याबद्दल लोक नमस्कार करत होते.

पण मोबाईलवर आणखी एक गोष्ट लिहिलेली होती, ती मी विसरले होते. दुधाचे दात पडून पक्के दात आले की हिरड्यांची शिवशिव थांबते.

तो दिवसही नेमका शनिवारच निघाला. सोलापूरकडचं एक मोठं कुटुंब, सगळे अनवाणी, चपलांची आरास मांडून उभे. टेम्पोने एक चप्पल हुंगली. दुसरी हुंगली. मग जांभई दिली, अंगाचं वेटोळं केलं आणि डोळे मिटले.

कुटुंबातल्या म्हाताऱ्या मावशींचा चेहरा उतरला. "आमची एवढी जड हाय का गं बाई? कुत्रंसुदिक तोंड लावंना!"

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. पप्पांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने आईकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. हल्ली त्यांना ही सवयच लागलीय.

मी पार पार्किंगपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"आज शनिवार ना, मावशी! त्याचा उपास असतो!"