भागीबाईचा तेरा

तीन वर्षांत भागीबाईने एकही रानभाजी तोंडात घातली नव्हती, आणि त्याचा दोष ती सरळ नाशिकला देत असे. सुरगाण्याकडच्या तिच्या गावात आषाढात आधी तेरा पुजायचा, मगच नव्या भाज्यांना हात लावायचा. तेरा म्हणजे रानातलं अळू. मुलाकडे शहरात राहायला आल्यापासून तेराच दिसेना, मग पूजा कसली आणि भाजी कसली! "आई, इथं कोण बघतंय?" सून संध्या म्हणायची. "देव बघतोय," एवढं बोलून म्हातारी भाजी बाजूला सारायची.

परवा संध्या सहज म्हणाली, कॉलनीमागच्या वनउद्यानात नाल्याकाठी अळूसारखं काहीतरी उगवलंय. झालं! भागीबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. आज सकाळीच कुंकू, तांदूळ, नारळ पिशवीत टाकून तिने सुनेला ओढत नेलं.

रान कसलं, चार एकरांचा तुकडा. पण रान ते रान, म्हणून फाटकापाशीच तिने चपला काढल्या. "आई, खडी टोचेल!" संध्या ओरडली, पण आई केव्हाच पुढे. फिरायला आलेली माणसं पायवाटेवरून झपाझप चालत होती, त्यांनाही भागीबाईने मागे टाकलं. "हा करंज! हा भोकर! अगं, बघ तरी!" तिला इतका आनंद झाला होता की धाप लागलीय हेही कळत नव्हतं.

नाल्याच्या वळणावर ती थबकली. तेराच! ओला, हिरवागार. तिने देठाला हात घातला आणि शिट्टी वाजली.

"ओ मावशी! पान तोडायचं नाय. बोर्ड लावलाय." वॉचमन धनराज धावत आला.

हातातोंडाशी आलेला सण असा सोडायचा? छे! भागीबाईने देठ सोडला आणि तिथेच चिखलात बसकण मारली. "नाय तोडत. जाग्यावरच पुजते. कुंकू लावू नको, असं हाय का तुझ्या बोर्डावर?"

तसं नव्हतं. तिने पानाला कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, गावातल्या एकेका देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले तर धनराज तिथेच उभा.

"मावशी, मी पेठ तालुक्यातला. ड्युटीपायी चार वर्सं तेराला घरी गेलो नाय. रोज हितून जातो, पन पुजायचं कसं ते आईलाच म्हाईत होतं, ती गेली." त्याने हात जोडले. "माझ्या घरचंबी नाव घेता का?"

"मग हुबा काय ऱ्हायलास? टोपी काढ, बस."

त्याने गावाचं नाव सांगितलं, घरातली नावं सांगितली. भागीबाईने ती सगळी एकेक करून देवाच्या कानावर घातली आणि नारळ त्याच्या हातात दिला. धनराजने शिट्टी खिशात टाकली आणि नारळ फोडला.